७९९च का, आणि छत्तीस लाखच का?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे आपण एकाच गोष्टीबद्दल बोलतोय याची खात्री होईल. फेरारीने ऑक्टोबर २०२४ मध्ये एफ८० ही मोजक्या संख्येची खास गाडी जाहीर केली. गाड्या ७९९, किंमत सुमारे ३६ लाख युरो, म्हणजे तेव्हाच्या दराने रुपयांत तीस-पस्तीस कोटींच्या घरात. सगळ्या गाड्या आधीच गिऱ्हाइकांच्या नावावर लागल्या होत्या असं तुम्ही वाचलंत. मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला प्रॉडक्ट कॉस्टिंग शिकताना तुम्हाला प्रश्न पडला: एवढी मागणी असेल तर दीड हजार गाड्या काढून दर गाडीमागचा खर्च का उतरवत नाहीत? आणि संख्या वाढवायचीच नसेल, तर किंमत साठ लाख का ठेवत नाहीत? दोन्ही बाजूंनी पैसे सोडून देणारी कंपनी टिकते कशी?

मी कमी संख्येच्या गाड्यांचं कॉस्टिंग करतो. सुरुवात भोसरीतल्या एका टूलरूममध्ये झाली, पुढची बरीच वर्षं इंग्लंडमध्ये कार्बन फायबरचे भाग बनवणाऱ्या सप्लायरकडे गेली. त्यामुळे मी जे सांगेन ते पुरवठादाराच्या बाजूने दिसलेलं आणि कंपन्यांच्या जाहीर आकड्यांवर आधारलेलं आहे.

थोडक्यात उत्तर असं: अशा गाडीत आकडा आधी ठरतो आणि किंमत त्याच्या मागून येते. तो आकडा म्हणजे कंपनीने गिऱ्हाइकाला दिलेलं वचन असतं, आणि किमतीतला बराचसा भाग गिऱ्हाईक त्या वचनासाठीच मोजतं. आता हे हिशोबाने पाहू.

कॉलेजात शिकवतात ती पद्धत घेऊ. समजण्यासाठी आकडे धरतो, खऱ्या कुठल्या गाडीचे नाहीत. डिझाइन, चाचण्या, क्रॅश टेस्ट, मंजुऱ्या आणि टूलिंग (भाग बनवायचे साचे आणि अवजारं) मिळून ३०० कोटींचा एकदाच होणारा खर्च. त्यावर दर गाडीला माल आणि मजुरी २ कोटी. विक्रीची किंमत ४ कोटी. शंभर गाड्या काढल्या तर एका गाडीची पडती किंमत ५ कोटी, म्हणजे सरळ तोटा. पाचशे काढल्या तर २ कोटी ६० लाख. हजार काढल्या तर २ कोटी ३० लाख. फरक बघा: शंभरावरून पाचशेवर जाताना एका गाडीमागे २ कोटी ४० लाख वाचले, आणि पाचशेवरून हजारावर जाताना फक्त ३० लाख. त्यातही हजार गाड्यांना साच्यांचा दुसरा संच आणि आणखी एक ऑटोक्लेव्ह, म्हणजे कार्बनचे भाग दाबाखाली भाजायची भट्टी, लागेल. त्याचे ६० कोटी धरले तर बचत २४ लाखांवर येते. पाचशेनंतर संख्या वाढवण्यात खर्चाच्या बाजूने फारसं काही उरत नाही.

पण एवढ्यावर थांबू नका. एकूण नफा काढा. पाचशे गाड्यांवर ७०० कोटी, हजार गाड्यांवर १,६४० कोटी. म्हणजे कागदावर हजार गाड्याच जिंकतात, आणि तुमचा प्रश्न रास्त आहे. हा हिशोब एका अटीवर उभा आहे: सहाशेवा, आठशेवा आणि हजारावा माणूसही तेवढेच ४ कोटी देईल. पुढचं सगळं या अटीबद्दल आहे.

त्याआधी हे सांगायला हवं, की कोण गाडी बनवतंय आणि कशासाठी, त्यावर उत्तर बदलतं. फेरारीसाठी एफ८० ही थेट कमाई आहे. ७९९ गाड्यांचे ३६ लाखांनी होणारे पैसे काढा आणि त्यातला कराचा भाग सोडून द्या, तरी सव्वादोनशे कोटी युरोंच्या वर रक्कम जाते. फेरारीचा २०२४ या अख्ख्या वर्षाचा महसूल सुमारे ६६८ कोटी युरो होता. ही रक्कम काही वर्षांत विभागून येणार असली तरी ती लहान नाही. याच्या उलट टोयोटाच्या लेक्सस या महाग ब्रँडची एलएफए घ्या. २००९ च्या टोकियो मोटर शोमध्ये आलेली, ५०० गाड्या, अमेरिकेत किंमत ३ लाख ७५ हजार डॉलर. सगळ्या विकून झाल्यावर आले किती? १९ कोटी डॉलरसुद्धा नाहीत. टोयोटाच्या आकारापुढे ही रक्कम दिसतही नाही, आणि अर्ध्या वाटेत ॲल्युमिनियमचा सांगाडा सोडून कार्बनवर गेलेल्या गाडीचा विकासखर्च त्यातून निघणं शक्य नव्हतं. ती गाडी कार्बनचं काम घरात शिकण्यासाठी आणि लेक्सस या नावाला वजन यावं म्हणून होती. तिच्या किमतीवर फेरारीचं गणित लावलंत तर उत्तर चुकणारच.

आणि तिसरा प्रकार जुना आहे: नियमासाठी काढलेली गाडी. १९७२ ची पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ शर्यतीच्या नियमासाठी होती, ५०० गाड्या रस्त्यावर आणणं भाग होतं. एवढ्या खपतील का याचीच पोर्शेच्या विक्री विभागाला काळजी होती. शेवटी १,५८० विकल्या गेल्या. ग्रुप बी या शर्यतीच्या गटासाठी २०० गाड्यांची अट होती, म्हणून फेरारीची २८८ जीटीओ जन्मली आणि २७२ बनली. तिथे आकडा बाजाराने ठरवलेला नव्हताच.

आता कारखान्यात या, कारण संख्येवरचा पहिला लगाम तिथे असतो. बाहेरून वाटतं की एवढ्या पैशाच्या गाडीला माणसं वाढवली की काम वाढेल. कार्बनच्या टबचं, म्हणजे गाडीच्या मधल्या सांगाड्याचं, काम जवळून बघितलं की तसं वाटत नाही. रेझिन भरलेलं कापड, ज्याला आम्ही प्रीप्रेग म्हणतो, उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये असतं. बाहेर काढलं की त्याचे तास मोजले जातात. ठरलेले तास संपले की रोल बाद. कापड मशीनवर तुकड्यांत कापलं जातं, प्रत्येक तुकड्यावर नंबर. मग लॅमिनेटर साच्यावर उभा राहून एकेक तुकडा हाताने बसवतो. दरवाजाखालच्या पट्टीचा आतला कोपरा सगळ्यांत त्रासदायक. तिथे कापड ताणलं जातं आणि कोपऱ्यावर पूल बांधल्यासारखं अधांतरी राहतं. खाली पोकळी राहिली की भाग गेला. म्हणून काही थर झाले की व्हॅक्युम लावून दाबून घ्यायचं, पुन्हा पुढचे थर. प्रत्येक तुकड्याच्या पाठीवर प्लास्टिकची पातळ फिल्म असते. ती सोलून बाजूला ठेवायची आणि शेवटी मोजायची. थर जितके, फिल्म तितक्याच भरल्या पाहिजेत. एक कमी भरली तर ती आत राहिली आहे, आणि त्या जागी थर एकमेकांना धरणार नाहीत. हे सगळं झालं की ऑटोक्लेव्हमध्ये काही तास दाब आणि उष्णता. पहाटे चारला ऑटोक्लेव्ह उघडून आतला भाग बाद निघाला तर नुसता माल जात नाही, त्या साच्याचा अख्खा दिवस जातो.

असं काम करणारे हात तयार व्हायला महिने लागतात. बाजारातून शंभर माणसं आणून ते होत नाही. आणि सगळ्यांत हळू चालणारं स्टेशन जे देईल तेवढ्याच गाड्या दाराबाहेर पडतात. एलएफए महिन्याला २० बनत होत्या. ५०० भागिले २०, म्हणजे २५ महिने. डिसेंबर २०१० ते डिसेंबर २०१२, बरोबर तेवढेच. हजार करायच्या म्हटल्या असत्या तर चार वर्षं लागली असती. चार वर्षांत प्रतिस्पर्ध्याची नवी गाडी येते, धुराचे आणि सुरक्षेचे नियम बदलतात, आणि पैसे भरून बसलेल्या माणसाचा उत्साह ओसरतो. पोर्शे कॅरेरा जीटीचं बघा: १,५०० काढायचा विचार होता, २००६ पर्यंत १,२७० वर थांबले, आणि अमेरिकेतल्या एअरबॅगच्या बदलत्या नियमांचं कारण कंपनीने दिलं.

सप्लायरचा लगामही इथलाच. हेडलाइट, आरसा, एसीचं यंत्र बनवणाऱ्या मोठ्या व्हेंडरला पाचशेच्या ऑर्डरमध्ये रस नसतो. त्याचं टूलिंग लाखभर नगांसाठी असतं. म्हणून तो एक तर भरमसाट क्वोट देतो किंवा क्वोटच देत नाही. मग दुसऱ्या गाडीचा तयार भाग घ्यावा लागतो. जॅग्वार एक्सजे२२० ही त्या काळातल्या जगातल्या सर्वांत वेगवान गाड्यांपैकी एक, पण तिचे मागचे दिवे रोव्हर २०० या साध्या घरगुती गाडीचे होते. शिवाय पाचशे गाड्यांसाठी पाचशेच काचा करून चालत नाही. पुढची दहा-पंधरा वर्षं सुटे भाग द्यायचे असतात, ते आत्ताच करून गोदामात ठेवावे लागतात, कारण साचा पुन्हा चढवणं नंतर परवडत नाही. तुमच्या कॉस्टशीटमध्ये ही ओळ बहुधा नसेल. घाला.

कायद्यातल्या मर्यादांबद्दल फार लिहीत नाही. युरोपात एका प्रकारच्या मोटारीसाठी वर्षाला १,५०० पर्यंत लघु मालिकेची सोपी मंजुरी मिळते, लहान उत्पादकांना कार्बन डायऑक्साइडच्या नियमांत सवलत आहे. याने खर्च हलका होतो, पण ७९९ हा आकडा त्यातून आलेला नाही.

मग कशातून आला? माझ्या मते, गिऱ्हाइकांच्या यादीतून. कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी यांच्या नावावर सांगितलं जातं की बाजार मागेल त्यापेक्षा एक गाडी कमी बनवावी. १९९५ च्या एफ५० मध्ये ते शब्दशः केलं गेलं: ३५० खपतील असा अंदाज, बनवल्या ३४९. त्यानंतरची एन्झो नावाची गाडी ४०० वर थांबली. तिच्या आधी ३४९च जाहीर झाल्या होत्या, मागणीमुळे त्या ३९९ झाल्या, आणि शेवटची एक पोप जॉन पॉल दुसरे यांना धर्मादाय कामासाठी दिली. लाफेरारी ४९९ अधिक लिलावासाठी एक, तिची उघडी आवृत्ती २१०. आता ७९९. आकडा चढतो आहे, आणि त्याचं कारण सरळ आहे: जगात असे श्रीमंत वाढले आणि फेरारीची रोजची विक्रीही वाढली. २०१३ मध्ये कंपनीने वर्षाला सात हजारांच्या आत राहायचं जाहीरपणे ठरवलं, आणि त्या वर्षी ६,९२२ गाड्या दिल्या. गाड्या आदल्या वर्षापेक्षा कमी, महसूल मात्र वाढला. २०२४ मध्ये हाच आकडा १३,७५२ होता. खालची यादी दुप्पट झाली की वरची खास गाडी त्या प्रमाणात वाढवता येते, दुर्मीळपणा फारसा न घटता.

इथे गिऱ्हाईक कोण ते समजून घ्या. ज्याला एफ८० मिळते त्याने आधी अनेक साध्या फेरारी घेतलेल्या असतात. कंपनी त्याचा इतिहास बघते. म्हणजे एफ८० ही नुसती वस्तू नाही, आधीच्या खरेदीचं फळ आहे आणि पुढच्या खरेदीचं आमिषही. तिची संख्या दुप्पट केली तर नफा एकदा वाढेल, पण पुढची दहा वर्षं साध्या गाड्या घेत रांगेत उभं राहण्याचं कारण कमी होईल. मघाचा १,६४० कोटींचा हिशोब इथे मोडतो. तो फक्त एका गाडीचा हिशोब होता. कंपनी सबंध यादीचा हिशोब करते.

आता तुमचा दुसरा प्रश्न: किंमत साठ लाख का नाही? याचा पहिला भाग बहुतेक लोकांच्या नजरेतून सुटतो. फेरारीने किंमत वाढवलीच आहे, आणि चांगली वाढवली आहे. २०१३ ची लाफेरारी दहा लाख युरोंच्या थोडी वर विकली गेली. पुढे जुन्या बाजारात, म्हणजे वापरलेल्या गाड्यांच्या बाजारात, तीच तीस-चाळीस लाखांच्या आसपास गेली. म्हणजे मधला सगळा नफा पहिल्या मालकाच्या खिशात गेला. एफ८० ची किंमत ३६ लाख ठेवली गेली ती बरोबर याच पट्ट्यात. मी याचा अर्थ असा लावतो की कंपनीने यावेळी आधीच्या गाडीच्या जुन्या बाजाराकडे बघून किंमत काढली. माल आणि मजुरीवर ठरावीक टक्के चढवून ही किंमत निघत नाही.

तरीही शेवटचा युरो काढून घेत नाहीत. पहिल्या मालकाला गाडी घेतल्या दिवशी आपण थोडे फायद्यात आहोत असं वाटलं पाहिजे. तो फायदा म्हणजे कंपनीने त्याला दिलेला मोबदला, जाहिरातीवर खर्च करण्याऐवजी. साठ लाख ठेवले आणि वर्षभरात जुन्या बाजारात ती गाडी पन्नासला मिळू लागली, तर तो माणूस पुढच्या वेळी थांबेल. "आत्ता कशाला, वर्षाने स्वस्त मिळेल," हे वाक्य यादीतल्या चार जणांच्या तोंडी आलं की ती यादी संपली.

पण फरक फार ठेवला तर दुसरं दुखणं सुरू होतं: गाडी चालवायला नव्हे, विकायला घेणारे येतात. याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण पोर्शे ९११ आर. २०१६, मॅन्युअल गिअर, ९९१ गाड्या, जर्मनीत किंमत १,८९,५४४ युरो. काही महिन्यांतच लोक दहा लाखांच्या वर मागू लागले. पुढच्याच वर्षी पोर्शेने ९११ जीटी३ मध्ये मॅन्युअल गिअर परत आणला, संख्येची मर्यादा न घालता, आणि ९११ आरचे भाव खाली आले. ज्यांनी चालवायला घेतली होती त्यांचं काही बिघडलं नाही. २०२३ मध्ये ९११ एस/टी काढली तेव्हा १,९६३ गाड्या ठेवल्या, ९११ च्या जन्मवर्षाचा आकडा, आणि अमेरिकेत पहिलं वर्ष गाडी लीजवरच द्यायची अट घातली. मला हा मार्ग पटतो. गाडी नावावर नसेल तर विकणार काय?

फोर्डने करारावर भिस्त ठेवली. २०१६ मध्ये नव्या फोर्ड जीटीसाठी अर्ज मागवले, पहिल्या ५०० गाड्यांसाठी ६,५०६ अर्ज आले. किंमत साडेचार लाख डॉलरच्या आसपास, आणि दोन वर्षं विकायची नाही अशी अट. २०१७ मध्ये कुस्तीपटू आणि अभिनेते जॉन सीना यांनी गाडी विकली म्हणून फोर्डने खटला भरला, २०१८ मध्ये तो मिटला. पण त्याच वर्षी दुसऱ्या एका मालकाची जीटी लिलावात १८ लाख डॉलरना गेली. विकणारा मूळ करार करणारा नव्हता, त्याने ती पहिल्या मालकाकडून घेतलेली. करार पहिल्या माणसाला बांधतो, दुसऱ्याला नाही. साडेचार आणि अठरा यांच्यात एवढी दरी असेल तर कागदावरच्या अटी ती झाकू शकत नाहीत. जीटीची किंमत कमी ठेवली गेली होती असं माझं स्पष्ट मत आहे, किंवा निदान सुरुवातीचा आकडा फार लहान होता. फोर्डने तो पुढे वाढवत १,३५० वर नेलाच.

आकडा वाढवणं हे वचनभंग आहे का? असतं, पण दर वेळी सारखं महागात पडत नाही. फेरारी एफ४० साधारण ४०० बनतील असं सुरुवातीला मानलं गेलं होतं, बनल्या १,३०० च्या वर. तरी ती आज लाडकी आहे, कारण गाडीच तशी होती. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सट्टा फुटला तेव्हा मात्र तिच्या चढ्या भावात घेणाऱ्यांचे हात पोळले. तसं पुन्हा झालं तर कंपनीच्या शब्दावर पैसे कोण लावेल, हा धडा फेरारीने घेतलेला दिसतो.

एवढं सगळं वाचून असं वाटेल की आकडा लहान ठेवला की मागणी आपोआप येते. तसं नाही. या धंद्यातली मला सर्वांत शिकवणारी गोष्ट एक्सजे२२० ची आहे, म्हणून तिच्यावर थोडा वेळ घालवतो. १९८८ च्या बर्मिंगहॅम मोटर शोमध्ये जॅग्वारने ती दाखवली तेव्हा व्ही१२ (बारा सिलिंडरचं) इंजिन आणि चारही चाकांना ताकद असं चित्र होतं. लोक चेकबुक घेऊन आले. पुढच्या वर्षाच्या शेवटी उत्पादन जाहीर झालं: जास्तीत जास्त ३५० गाड्या, ५० हजार पौंड अनामत, किंमत २ लाख ९० हजार पौंड आणि कर, शिवाय महागाईप्रमाणे वाढणारी. १९९२ मध्ये गाडी आली तेव्हा व्ही१२ च्या जागी सहा सिलिंडरचं टर्बो व्ही६ होतं, ताकद फक्त मागच्या चाकांना, आणि किंमत ४ लाख ७० हजारांपर्यंत गेलेली. मध्ये मंदी येऊन गेली होती. गिऱ्हाइकांनी पाय मागे घेतले, प्रकरणं कोर्टात गेली, आणि शेवटी २८० च्या आसपास गाड्या बनून काम थांबलं. लक्षात घ्या, ३५० हा आकडा मोठा नव्हता, रांग खरी होती. पण रांगेतल्या कित्येकांना गाडी नको होती, चढलेला भाव हवा होता. भाव पडला आणि रांग विरली. मॅकलॅरेन एफ१ सुद्धा ३०० च्या आशेने सुरू होऊन १०६ वर थांबली, आणि २०२१ मध्ये त्यातली एक दोन कोटी डॉलरच्या वर विकली गेली. त्यातला एक डॉलरही बनवणाऱ्याच्या हिशोबात आला नाही.

म्हणून टाटा मोटर्सच्या काळात जॅग्वारने सी-एक्स७५ या गाडीचं जे केलं ते मला योग्य वाटतं. २०११ मध्ये फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्सच्या साथीने २५० पर्यंत गाड्या काढायचं जाहीर झालं. डिसेंबर २०१२ मध्ये आर्थिक परिस्थितीकडे बोट दाखवून प्रकल्प थांबवला. गाडीप्रेमी म्हणून वाईट वाटलं, पण कॉस्टिंग करणारा माणूस म्हणून मीही तोच सल्ला दिला असता. आणि अगदी अलीकडचं: क्रोएशियातल्या रिमॅक कंपनीची विजेवरची नेव्हेरा, १५० गाड्या, वेगाचे विक्रम केलेली. तिच्या निर्मात्याने २०२४ मध्ये उघडपणे सांगितलं की श्रीमंत गिऱ्हाइकांना विजेवरच्या हायपरकारचं अपेक्षेएवढं आकर्षण उरलेलं नाही.

एक गोष्ट राहिली, जी जाहीर किमतीत दिसत नाही. खास रंग, उघडं कार्बन, शिवणीचा दोरा. फेरारीच्या गाड्या आणि सुट्या भागांच्या महसुलात अशा वैयक्तिक बदलांचा वाटा साधारण एक पंचमांश आहे. ३६ लाख ही सुरुवातीची किंमत समजा. मूळ किंमत मध्यम ठेवून हे पर्याय महाग ठेवण्यात शहाणपण आहे: ज्याची जास्त द्यायची तयारी आहे तो आपणहून जास्त देतो, आणि बाकीच्यांना कंपनीने लुटल्यासारखं वाटत नाही. साठ लाख का नाही, याच्या उत्तराचा हा दुसरा भाग.

भारतातल्या किमतीबद्दलही तुम्ही ओझरतं विचारलंय. तिथे वरचं तर्कशास्त्र लागू नाही. पूर्ण बनून आलेल्या महाग गाडीवर २०२५ च्या अर्थसंकल्पानंतरही सीमाशुल्क आणि अधिभार मिळून ११० टक्के होतात, वर जीएसटी आणि राज्याचा रोड टॅक्स. शिवाय आपल्याला उजव्या हाताचं स्टिअरिंग लागतं, आणि लाफेरारीसारख्या काही गाड्या त्या रूपात बनल्याच नाहीत. इतक्या कमी संख्येत दुसऱ्या बाजूचा डॅशबोर्ड, स्टिअरिंग आणि पेडलबॉक्स यांचं टूलिंग निघत नाही, हा पुन्हा तोच पहिला हिशोब.

तुमच्या प्रोजेक्टसाठी एक सुचवतो. एफ८० ऐवजी पिनिनफरिना बॅटिस्टा घ्या. कंपनी महिंद्र समूहाची, गाडी इटलीत कांबियानोला बनते, जास्तीत जास्त १५० गाड्या, किंमत वीस लाख युरोंच्या आसपास, बॅटरीचं तंत्र रिमॅककडून घेतलेलं. कॉस्टशीट तीन वेळा मांडा: एकदा १५० गाड्या धरून, एकदा १००, एकदा ६०. प्रत्येक वेळी एकदाच होणारा खर्च तसाच ठेवा, सुट्या भागांचा साठा आणि बाद होणारे भाग वेगळ्या ओळीत लिहा, आणि महिन्याला किती टब निघतील ते गृहीत धरून शेवटची गाडी कुठल्या वर्षी बाहेर पडेल ते काढा. बाहेरून आणलेली बॅटरी एकदाच होणाऱ्या खर्चात किती बचत करते आणि दर गाडीच्या खर्चात किती भर घालते, ते वेगळं दाखवा; परीक्षक तिथेच प्रश्न विचारतील. शीट तयार झाली की पाठवा, मी ओळीओळीने बघून देतो.